पित्त म्हणता म्हणता

३१ मे २०२२ ची संध्याकाळ. दक्षिण कोलकात्यातले, रवींद्र सरोवराच्या काठचे नजरुल मंच हे सभागृह तरुण मुलामुलींनी तुडुंब भरले होते. एका महाविद्यालयाचा महोत्सव आणि गायला साक्षात के. के.! आदल्याच संध्याकाळी याच रंगमंचावर त्यांनी दुसऱ्या एका महाविद्यालयासाठी कार्यक्रम केला होता. सभागृहात उकाडा होता. मधूनमधून घाम पुसत, पाणी पीत ते गात राहिले आणि मुले त्यांच्याबरोबर गात राहिली. कार्यक्रम आटोपून ते हॉटेलवर परतले आणि तिथेच कोसळले. रुग्णालयात नेले तेव्हा डॉक्टरांच्या हाती करण्यासारखे काही उरले नव्हते. कृष्णकुमार कुन्नथ यांचे वय होते अवघे ५३ वर्षे.

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन झाले. मृत्यूचे कारण हृदयविकाराचा झटका. हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा होता, इतर धमन्यांतही लहानसहान अडथळे होते, ही माहिती वर्तमानपत्रांतून आली. तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट छापून आली होती. ते पित्तावरची औषधे घेत असत. दुखणे पोटाचे आहे अशी त्यांची समजूत झाली असावी, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले.

पित्त! हा शब्द कोणत्या मराठी घरात दिवसाआड ऐकू येत नाही? जेवणाची वेळ टळली, जागरण झाले, कार्यालयात वडापाववर दुपार भागवली की रात्री छातीत जळजळते. मग कोणी ओवा पुढे करते, कोणी थंड दूध, कोणी सोडा. बंगाली माणूस याच दुखण्याला 'अंबल' म्हणतो आणि त्याच्याही घरात गोळीची पट्टी हाताशी असते. शब्द निराळा, खोड एकच. बहुतेक वेळा ते खरोखरच पित्त असते. म्हणूनच तर जेव्हा ते पित्त नसते तेव्हा घात होतो.

याच शहरातली दुसरी गोष्ट. २ जानेवारी २०२१ रोजी सौरव गांगुली यांना बेहाला भागातल्या आपल्या घरी व्यायाम करताना छातीत अस्वस्थ वाटू लागले आणि भोवळ आली. वय ४८. आयुष्य मैदानावर गेलेले. त्यांनी किंवा घरच्यांनी ओव्याची डबी शोधली नाही. त्यांना थेट रुग्णालयात नेण्यात आले. तपासणीत तीन धमन्यांत अडथळे निघाले, त्याच दिवशी एका धमनीत स्टेंट बसवला गेला. महिनाअखेर पुन्हा त्रास झाला, तेव्हा आणखी दोन. आज ते आपल्यात आहेत.

दोन्ही माणसे नामवंत, दोघांचे आयुष्य दौऱ्यांचे, विमानांचे, अवेळी जेवणाचे. दोघांची तुलना करून एकाला शहाणे आणि दुसऱ्याला निष्काळजी ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. दुखणे प्रत्येकाला वेगवेगळ्या रीतीने येते आणि रंगमंचावर हजारो मुले समोर असताना 'मला बरे वाटत नाही' म्हणणे किती कठीण असेल, ते ज्याचे त्यालाच ठाऊक.

कामाने माणूस मरतो का?

अशी बातमी आली की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: 'फार दगदग झाली हो, कामाने मारले.' दुसरीही ठरलेली असते: 'कामाने कोणी मरत नाही, आमचे आजोबा ऐंशीव्या वर्षापर्यंत शेतावर जात होते.' दोन्ही वाक्ये अर्धीच खरी आहेत.

धमनीत चरबीचा थर एका संध्याकाळी साचत नाही. त्याला पंधरा-वीस वर्षे लागतात. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, कोलेस्टेरॉल, वाढलेले पोट आणि घराण्यातला वारसा हे त्याचे जुने साथीदार. भारतीय उपखंडात हे सारे लवकर घडते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या ५२ देशांतल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आल्याचे दिसले. इतर देशांत ते वय पाच-सहा वर्षांनी जास्त होते. म्हणजे मुलांची शिक्षणे चालू आहेत, घराचे हप्ते फिटायचे आहेत, अशा ऐन वयात.

मग लांबलेल्या कामाचा यात हात किती? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून याचा हिशेब मांडला, तो २०२१ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त, तर हृदयविकाराने मरण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. २०१६ या एका वर्षात अशा लांबलेल्या कामामुळे जगात ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघाताने आणि हृदयविकाराने दगावली, असा अंदाज त्यांनी दिला. त्यातही पुरुष बहुसंख्य, जवळजवळ तीन चतुर्थांश. आणि एक बाब विशेष ध्यानात घेण्याजोगी: मरणारे बहुतेक साठी ओलांडलेले होते. पंचेचाळिशीनंतर केलेल्या जास्तीच्या तासांचे बिल निवृत्तीनंतर हाती पडले होते.

आठवड्याला ५५ तास म्हणजे फार वाटतात? सोमवार ते शनिवार सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सातपर्यंतची नोकरी धरा. मधली अर्ध्या तासाची सुट्टी वजा केली तरी ५४ तास झाले. त्यात सियालदहची किंवा कल्याणची लोकल धरलेलीच नाही.

शरीरात काय घडते

साहेबाने रात्री आठ वाजता फाईल मागितली की शरीराला ते संकटच वाटते. रानात वाघ दिसल्यावर जी रसायने रक्तात सुटतात, तीच इथेही सुटतात. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, साखर वर येते, रक्त चटकन गोठावे अशी तयारी होते. वाघ निघून गेला की सारे पूर्ववत व्हावे, अशी निसर्गाची योजना. फाईल मात्र निघून जात नाही. ती उद्याही असते. चढलेला दाब धमनीच्या अस्तराला रोज घासत राहतो, तिथे चरबी साठते आणि एखाद्या दिवशी तो थर फाटून त्यावर गुठळी धरते. तोच झटका.

हा झाला सरळ मार्ग. आडवाटेने होणारे नुकसान याहून मोठे असावे. उशिरा घरी येणारा माणूस उशिरा जेवतो, भरपेट जेवतो आणि लगेच आडवा होतो. झोप पाच तासांवर येते. सकाळचे फिरणे पहिल्यांदा बंद पडते. डुलकी येऊ नये म्हणून चहा आणि चहाबरोबर सिगारेट. आणि तपासणीला वेळ नसतो. 'मार्च संपू दे', 'पूजा होऊन जाऊ दे', अशी तारीख पुढे ढकलली जाते. कोलकात्यात दुर्गापूजेच्या आधीचे दोन महिने शिंपी, मूर्तिकार, मांडववाले, कापड दुकानातले नोकर यांना रात्र-दिवस एक करावे लागतात. आपल्याकडे गणपतीच्या आधी पेणच्या कारखान्यांत वेगळे काय असते?

रक्तदाबाची एक लबाडी इथेच सांगायला हवी. दवाखान्यात सकाळी तो चांगला भरतो, डॉक्टर 'सर्व ठीक' म्हणतात आणि दुपारी कामाच्या जागी तोच दाब चढलेला असतो. याला डॉक्टर छुपा रक्तदाब म्हणतात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात सुमारे साडेतीन हजार कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्याला ४९ तासांहून जास्त काम करणाऱ्यांत हा छुपा रक्तदाब, ३५ तासांपेक्षा कमी काम करणाऱ्यांच्या मानाने सुमारे ७० टक्क्यांनी जास्त आढळला. तेव्हा घरात यंत्र असेल तर रविवारी आरामात बसून दाब मोजण्यात फारसा अर्थ नाही. मंगळवारी कामावरून परतल्यावर पाच मिनिटे टेकून मोजा आणि आकडे वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांना ती वही शंभर वर्णनांपेक्षा उपयोगी पडते.

हावड्याचे बाराशे

कोलकात्याचे आणि कामाच्या तासांचे नाते जुने आहे. आठ तासांच्या दिवसाची गोष्ट सांगताना सगळे १८८६ च्या शिकागोचे नाव घेतात. त्याच्या चोवीस वर्षे आधी, १८६२ साली, हावडा स्टेशनातल्या सुमारे १,२०० रेल्वे मजुरांनी काम बंद ठेवले होते. इंजिन विभागातल्या माणसांना आठ तास आणि आम्हाला दहा तास का, एवढाच त्यांचा सवाल होता. 'सोमप्रकाश' या बंगाली साप्ताहिकाने ती बातमी छापली म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. त्या मजुरांपैकी एकाचेही नाव कोणाला ठाऊक नाही.

पुढे हुगळीच्या दोन्ही काठांवर तागाच्या गिरण्या वाढल्या. १८९० च्या दशकात तिथे विजेचे दिवे आले. दिवे आले म्हणून आनंद व्हावा, तर सूर्य मावळला तरी भोंगा होईना. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे झगडत होते. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा भरवून रविवारची सुट्टी मागितली, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मंजूर झाली. आज आपण ज्या रविवारी सकाळी उशिरापर्यंत लोळतो, तो त्यांनी मिळवून दिलेला आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पश्चिम बंगालच्या १९६३ च्या दुकान कायद्यात तर आठवड्यातून दीड दिवस दुकान बंद ठेवण्याची तरतूद होती.

या लोकांनी धमन्या पाहिल्या नव्हत्या. थकलेला माणूस त्यांनी पाहिला होता.

असे असता २०२३ साली एका नामवंत उद्योजकाने तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला आणि २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्या एका मोठ्या कंपनीच्या प्रमुखांचे ९० तासांचे बोल गाजले. अशा वेळी कोलकात्यातली जुनी माणसे डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा दाखला देतात. मुख्यमंत्री असतानाही ते सकाळी रुग्ण तपासत, मग राज्याचा कारभार पाहत आणि १ जुलै १९६२ रोजी, आपल्या ऐंशीव्या वाढदिवशी, काम करता करताच गेले. त्यांचा जन्मदिवस आपण डॉक्टर दिन म्हणून पाळतो. मग त्यांचे हृदय कसे टिकले?

याचे थोडेसे उत्तर लंडनमध्ये सापडते. तिथल्या सरकारी नोकरांचा 'व्हाइटहॉल' नावाचा अभ्यास १९६७ साली सुरू झाला. साऱ्यांची समजूत अशी की झटका मोठ्या साहेबांना येतो, कारण जबाबदारी त्यांच्यावर. निघाले उलटेच. खालच्या श्रेणीतल्या नोकरांत हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण वरच्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. धूम्रपान, रक्तदाब वगैरे वजा करूनही फरक पुरता मिटेना. पुढच्या अभ्यासात दिसले की काम कधी करायचे, कसे करायचे, केव्हा थांबायचे हे ज्याच्या हातात नाही, त्याच्या हृदयाला धोका अधिक. बिधानबाबू स्वतःच्या मर्जीने राबत होते. बडा बाजारातल्या गादीवरचा मुनीम किंवा सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये रात्रपाळीला संगणकापुढे बसलेला मुलगा मालकाच्या मर्जीने राबतो. तासांचा आकडा एकच असला तरी ओझे एक नसते. अर्थात मर्जीने राबणाऱ्यांनीही फार निर्धास्त राहू नये. याच मालिकेतल्या २०११ च्या निष्कर्षात रोज ११ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका, ७-८ तासवाल्यांपेक्षा ६७ टक्क्यांनी अधिक दिसला होता.

ज्यांनी आपल्याला हे सारे समजावून सांगायचे, त्या डॉक्टरांची अवस्था तर विचारू नये. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. सलग ३६ तासांच्या पाळीत थोडा विसावा म्हणून ती सभाकक्षात गेली होती. त्या अमानुष गुन्ह्याच्या सुनावणीत, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने डॉक्टरांच्या ३६-३६ तासांच्या कामाबद्दलही खेद व्यक्त केला. केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला ४८ तास आणि सलग बारा तास ही मर्यादा लिहिलेली होती. कागदावर ती अजून सुंदर दिसते.

आणि घरातली पाळी?

कामाचे तास मोजताना ज्यांचे तास कोणीच मोजत नाही, त्यांचे काय? २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटे त्यात जात असल्याचे दिसले. घरकाम करणाऱ्या पुरुषांची मिनिटे होती ९७. नोकरी करणारी गृहिणी आठ तास कार्यालयात आणि पाच तास ओट्याजवळ काढते. तिला शनिवार नाही, रविवार तर मुळीच नाही.

तिचे दुखणेही वेगळ्या चालीने येते. हिंदी चित्रपटातल्या बापासारखा छातीवर हात ठेवून ती कोसळतेच असे नाही. दम लागणे, पाठीत किंवा जबड्यात दुखणे, मळमळ, विनाकारण आलेला थकवा एवढ्यावरच निभावते. मधुमेह असलेल्यांतही छातीत कळ न येता झटका येऊ शकतो. घरातले म्हणतात, 'कामाचा शीण आहे, जरा पड.' तीही पडते आणि कुकरच्या शिट्टीला उठते. नवऱ्याला थोडेसे घाबरल्यासारखे झाले की तीच त्याला हाताला धरून दवाखान्यात नेते. स्वतःसाठी मात्र तिला सोबत लागत नाही, कारण ती जातच नाही.

ओळखायचे कसे?

घरी बसून पित्त आणि हृदय यांतला फरक खात्रीने कोणालाच करता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. त्यासाठी ईसीजी लागतो. तरी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. छातीत मधोमध दडपण, कोणी बसल्यासारखे वाटणे, कळ खांद्यात, हातात, मानेत किंवा जबड्यात उतरणे, थंड घाम, धाप. जिना चढताना किंवा झपझप चालताना छातीत भरून येते आणि थांबले की बरे वाटते, असे असेल तर ते अन्नाचे दुखणे असण्याची शक्यता फार कमी. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. आणि बसल्या जागी अशी कळ येऊन दहा-पंधरा मिनिटांत जात नसेल तर गोळी घेऊन वाट पाहू नये. जिथे ईसीजी निघतो आणि अतिदक्षता विभाग आहे अशाच रुग्णालयात जावे. स्वतः गाडी चालवत जाऊ नये. शेजाऱ्यांना उठवायला लाज वाटते म्हणून पहाटेपर्यंत थांबणारे कमी नाहीत, आणि पहिला तासच सर्वांत मोलाचा असतो.

पहिला ईसीजी चांगला आला म्हणून लगेच घरी परतण्याची घाई करू नये. काही वेळा बदल थोड्या वेळाने दिसतात. म्हणून डॉक्टर पुन्हा ईसीजी काढतात, ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणी करतात. 'पैसे उकळायला ठेवून घेतले' ही शंका यावेळी बाजूला ठेवावी.

माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट चालत नाही, तर मदत बोलावून लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोराने दाबायला लागावे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी सुमारे दोन इंच खोल. बरगडी मोडेल म्हणून हात आखडू नये. हे कृतीने शिकण्यास एक दुपार पुरते. गृहनिर्माण संस्थेत कोजागिरीला गाण्याच्या भेंड्या होतात, त्याच्या आधी तासभर एखाद्या डॉक्टरांना बोलावून एक बाहुला मांडता येईल. के. के. यांच्याबाबतही, कोसळताच छाती दाबली गेली असती तर कदाचित जीव वाचला असता, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले होते.

राहता राहिला एक प्रश्न, जो हल्ली सर्रास विचारला जातो: आठवडाभर पाच तास झोपायचे आणि रविवारी दहा तास झोपून ते भरून काढायचे, हे चालते का? थकवा थोडा उतरतो, हे खरे. पण सोमवार ते शनिवार चढलेला रक्तदाब रविवारची वाट पाहत थांबलेला नसतो. त्यापेक्षा रात्रीचे जेवण एक तास अलीकडे आणा. कार्यालयातून निघायला उशीर होणार असेल तर डब्यात चार पोळ्या जास्त ठेवा, सातच्या सुमारास तिथेच खाऊन घ्या आणि घरी आल्यावर ताटाऐवजी ताकाचा पेला पुरेसा होऊ द्या. बायको रुसेल, 'गरम पोळी करून ठेवली होती' म्हणेल. तिलाही मग रात्री अकरा वाजता तवा तापवावा लागणार नाही.